मुलाला घरकामाची सवय : शिरपूरच्या ताईंना उत्तर

ताई, अकरा वर्षांचा मुलगा जेवलेलं ताट उचलत नाही, काम सांगितलं की पाच रुपये मागतो, आणि वरून सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले काय काम सांगी राहिनी?" तुमचं हे वाचून राहवलं नाही. अमळनेरला आमच्या घरी हेच सगळं होऊन गेलंय.

ताट, चपला, अंथरुणाची घडी यावर मी बोलत नाही, ते तुम्ही कराल. पैसे मात्र आजच बंद करा. आणि काम असं द्या, की ते राहिलं तर घराचं अडेल. आमच्याकडे नळ रोज येत नाही. पाण्याचं सगळं थोरल्याकडे होतं. तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसायची, त्या आवाजासरशी तो हातातलं टाकून पळायचा. पहिलं गढूळ पाणी झाडांना, मग नळी पिंपात. शेजारच्या आजीसुद्धा पाण्याचं त्यालाच विचारायच्या.

मग तो नववीत असताना एका क्लासने पालकांना बोलावून बजावलं, दहावी होईपर्यंत मुलाला घरातलं एकही काम सांगायचं नाही. तसं लेखी घेतलं! फी घेता ती शिकवण्याची, आमच्या घरात कुणी काय करायचं हे ठरवणारे तुम्ही कोण? मला आजही संताप येतो. त्या उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबड्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) चालल्या होत्या. जाऊबाई कापडावर थापत होत्या, धाकटी कावळे हाकलता हाकलता वाटीतला गरम घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) तेल घालून खात होती, आणि हा खाली दार लावून. वाटी नेऊन दिली तर मान वर न करता म्हणाला, "ठेव तिथे." मार्क चांगले पडले, नाही म्हणत नाही. पण आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांच्या गोळ्यांचा डबा कुठे असतो, हे त्याला माहीत नव्हतं. घरात पाहुण्यासारखा झाला होता. पाणी भरल्याने कुणाची दहावी बुडत नाही हो. पुढेमागे असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

सासूबाईंशी वाद घालू नका. एवढंच विचारा, मळ्यात भरीत पार्टी असते तेव्हा पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचतात कोण? बाप्येच ना? आमच्या गावात साने गुरुजी प्रताप हायस्कूलला १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. म्हणून मुलाच्या वडिलांनाही झाडू घेऊ द्या, नुसत्या उपदेशाने काही होत नाही.

हे आमच्या घरापुरतं सांगतेय, प्रत्येक मूल वेगळं. दुखणं असेल, खरंच परीक्षा तोंडावर असेल, तर सूट द्यावी. आणि पाण्याची मोटर मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, ओल्या हाताने तर नाहीच.

यंदा बिबड्या करणार असाल तर सोडवायचं काम त्याला द्या. वाळलं की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, मग अलगद सुटतात. काही फाटतील. त्या वेगळ्या डब्यात भरा आणि आधी त्याच तळा, पण त्याच्या हातातून कापड काढून घेऊ नका.