आधी सोनेगावचा फुगा वाचायला शिक

हवामानशास्त्रात पीएचडीला विषय कोणता घेऊ, म्हणून विचारलंस. बाळा, विषय सुचेल. आधी संगणकावर हवामानाचं मॉडेल चालवायची घाई सोड. नागपूरच्या सोनेगावहून हवामान खात्याचा रेडिओसोंड फुगा, म्हणजे वर जाता जाता हवेचं तापमान, ओलावा मोजणारं यंत्र बांधलेला फुगा, जातो. त्याच्या नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर फुकट मिळतात, स्टेशन क्रमांक ४२८६७.

मे महिन्यातली संध्याकाळी साडेपाचची नोंद उघड आणि आलेख स्वतःच्या हातानं काढ. खालच्या जाड थरात तापमान किलोमीटरमागे जवळपास ९.८ अंशांनी उतरताना दिसेल, कारण तापलेल्या जमिनीनं हवा पार घुसळून काढलेली असते. मग जानेवारीतली निरभ्र पहाट घे. जमिनीलगत सगळं उलटं. वर जावं तसं तापमान वाढतं. शेकोट्यांचा धूर खालीच का रेंगाळतो, ते तिथं कळतं.

केप, म्हणजे हवेला वर उसळायला मिळणारी ऊर्जा, मोठा दिसला की वादळ येणारच, असं धरू नकोस. वर उबदार हवेचं झाकण असलं की ढग उठतच नाही. विदर्भातल्या गारपिटीवर काम करायचं असेल, तर हे झाकण कधी आणि कशानं मोडतं, हाच खरा प्रश्न. मला तो आजही फार देखणा वाटतो.

ईआरए५, म्हणजे जुनी निरीक्षणं मॉडेलात घालून तयार केलेला जगभरच्या हवामानाचा डेटा, नंतर घे. १९४० पासूनच्या तासातासाच्या नोंदी आहेत, पण त्यात मॉडेलही मिसळलेलं असतं. फुग्याशी ताडल्याशिवाय निष्कर्ष काढू नकोस. पायथन जमेल हळूहळू. थर्मोडायनॅमिक्स मात्र आत्ताच पक्कं कर.