रेट्रो की कधीच जुनं न दिसणारं? जुन्या फ्लॅटची सजावट कशी ठरवावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यात १९८० च्या आसपासच्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. वहिनींना तो ‘रेट्रो’ हवाय, तुम्हाला ‘टाइमलेस’. आणि कंत्राटदार म्हणतोय, आधी मोझेइकची फरशी फोडू, मग बाकीचं बघू.

जुन्या घरांची डागडुजी आणि सजावट हे माझं रोजचं काम आहे. माझा पहिला सल्ला, फोडाफोडी थांबवा. दुसरा तुमच्यासाठी: ‘टाइमलेस’ या शब्दावर फार विसंबू नका.

आज दुकानात टाइमलेस म्हणून जे दाखवतात, ते म्हणजे राखाडी-बदामी भिंती, पांढरट टाइल आणि बिनहँडलची कपाटं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच खात्रीनं काळपट वेंगे व्हेनियर (गडद लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि लालभडक चकचकीत किचन विकलं जायचं. पीओपीचं लाटालाटांचं छत आणि त्यात लपवलेला निळा दिवाही याच भरवशावर घरोघरी गेला. आता अशा घरात शिरलं की काम कोणत्या साली झालं ते सांगता येतं. राखाडीचंही तेच होणार, आणि मला वाटतं, व्हायला सुरुवातही झाली आहे.

याउलट मरीन ड्राइव्ह पाहा. तिथल्या आर्ट डेको इमारती १९३०-४० च्या दशकांत बांधल्या गेल्या तेव्हा ती निव्वळ फॅशन होती. गोलसर बाल्कन्या, आगबोटीच्या डेकसारखे कठडे, ग्रिलवर लाटा नाहीतर उगवता सूर्य. ‘काळाच्या पलीकडचं’ काही बांधतोय असा कुणाचा दावा नसावा. मधल्या काळात ती शैली जुनाट ठरली, आणि २०१८ साली त्याच इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. आतल्या टेराझोच्या, म्हणजे मोझेइकसारख्याच, फरश्या, सागवानी दारं-खिडक्या, लोखंडी ग्रिल जिथे टिकली, तिथे ती घासता, रंगवता, जोडता येत होती म्हणून टिकली.

म्हणून मी शैलीचं नाव विचारत नाही. मी विचारतो, ही वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करणार? इराणी हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आठवा. तिचं मूळ थोनेट कंपनीच्या १८५९ च्या १४ नंबरच्या खुर्चीत आहे: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. बैठकीची जाळी फाटली तर वेत विणणारा ती पुन्हा विणून देतो. लोखंडी कपाटाला गंज आला तर घासून नवा रंग मारता येतो. आता पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, टीव्ही युनिट घ्या. एका पावसाळ्यात ओल लागून फुगला की त्याचं काही करता येत नाही, भंगारवालाही हात लावत नाही.

आता तुमच्या फरशीकडे येतो, कारण खरा पैसा तिथे आहे. मोझेइक टाइलच्या वरच्या थरात, म्हणजे साधारण पाच-सहा मिलिमीटरमध्ये, संगमरवराची खडी सिमेंटात बसवलेली असते. तिचा रंग छापलेला नसतो, त्या थराच्या तळापर्यंत तोच असतो. त्यामुळे चाळीस वर्षांची घाण, डाग, ओरखडे मशीन मारून काढता येतात आणि खालून तीच फरशी नव्यानं वर येते. आधी सांधे साफ करून पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून भरायचे, मग जाड दगडापासून बारीकपर्यंत टप्प्याटप्प्यानं पाणी सोडत घासायचं, शेवटी ऑक्झॅलिक पावडरचं पॉलिश. काम करणाऱ्याला एकच ताकीद द्या: घासताना निघालेला चिखलासारखा रगडा बाथरूमच्या जाळीत ओतायचा नाही. तो पाइपात घट्ट बसतो आणि मग प्लंबरचं बिल येतं. सामान यायच्या आधी हे करून घ्या, रंगकाम नंतर.

डिजिटल छपाईच्या व्हिट्रिफाइड टाइलला ही सोय नाही. तिची नक्षी वरच्या पातळ थरातच असते, तो गेला की टाइल बदलायची. तुमच्या फ्लॅटमध्ये कुठे जुनी रंगीत नक्षीची सिमेंट टाइल असेल तर तिथेही जपून, कारण तिच्या रंगाचा थर मोझेइकपेक्षा पातळ असतो. जोरात घासली तर फुलंच पुसली जातील. काही टाइल फुटल्या असतील तर घाबरू नका. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी आजही साच्यात हातानं रंग ओतून अशा टाइल बनवते. हुबेहूब नाही मिळाली तरी मिळतीजुळती मिळते.

कंत्राटदार ‘फोडत नाही, वरूनच नवी टाइल चिकटवतो’ असंही म्हणेल. त्यानं जमिनीची पातळी सेंटिमीटरभर तरी वर येते, सगळी दारं खालून तासावी लागतात, आणि बाथरूमच्या उंबऱ्याचं गणित बिघडतं. शिवाय चांगली फरशी कायमची गाडली जाते.

वहिनींच्या बाजूनंही बोलतो. रेट्रो करायला हरकत काहीच नाही, पण कुणाचं रेट्रो? इंटरनेटवर जे दिसतं ते बहुतेक अमेरिकन खाणावळीचं असतं: काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनचे बाक, निऑनची पाटी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते सिनेमाच्या सेटसारखं दिसतं. आपल्याकडचं साठ-सत्तरचं दशक काही कमी देखणं नव्हतं. वेताच्या खुर्च्या, पाय टोकाकडे निमुळते झालेला सनमायकाचा टीपॉय, खण असलेला दिवाण, सरकत्या काचांचा शोकेस, लांब हातांची आरामखुर्ची. यातल्या दोन-तीनच खऱ्या वस्तू शोधा. आधी दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या माळ्यावर, मग जुन्या बाजारात किंवा मुंबईला जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे. उचलून बघा, खालून बघा. भुसा गळत असेल तर वाळवी आहे, कितीही स्वस्त असो, घरात आणू नका.

सध्या ‘चंदीगड चेअर’ नावानं विकल्या जाणाऱ्या नकला तुम्हाला दिसतीलच. मूळ खुर्च्या स्विस वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या नावानं ओळखल्या जातात. १९५० च्या दशकापासून त्या चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केल्या गेल्या. नंतर मोडीत निघाल्या, भंगारात गेल्या, आणि परदेशी लिलावांत भलत्याच किमतीला विकल्या गेल्या. खुर्ची छान आहे, यात वाद नाही. पण ती कचेरीच्या प्रशस्त खोल्यांसाठी आहे. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये एकच ठेवा. चार ठेवल्या तर पाहुण्यांना अंग चोरून जावं लागेल.

झोपाळ्याचा मोह होणार हे गृहीत धरतो. जुन्या स्लॅबला भोक पाडून कड्या ठोकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून तुळईला आधार घ्या, नाहीतर स्वतःच्या चौकटीवर उभा राहणारा झोपाळा घ्या.

वायरिंग आणि बाथरूम या दोन ठिकाणी मात्र जुन्याचं प्रेम नको. अर्थिंग नसेल तर सगळं वायरिंग नवं, आरसीसीबीसकट (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). गंजके जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे), आणि टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून तपासणी. खालच्या मजल्यावरच्या काकू तुम्हाला दुवा देतील. जुन्या धर्तीचे गोल काळे स्विच हवेच असतील तर नवीन बनावटीचे, आयएसआय शिक्क्याचे मिळतात. बाजारातून जुने बॅकेलाइटचे उचलून लावू नका. फिलामेंटसारखे दिसणारे पिवळे बल्ब शोभेपुरते दोन ठीक, वाचायला आणि स्वयंपाकाला त्यांचा उपयोग नाही.

किचनमध्ये जुना कडप्प्याचा ओटा आणि खाली कडप्प्याचेच कप्पे असतील तर तो पाडण्याआधी विचार करा. पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. वर ग्रॅनाइट बसवा, कप्प्यांपुढे लाकडी चौकटीची दारं लावा, रंग वहिनींना हवा तो. फिकट हिरवा छान दिसेल. पाच वर्षांनी कंटाळा आला तर रंगारी एका दिवसात बदलून देईल.

सोफा, कपाटं, दिवे हे सगळं राहायला गेल्यावर घ्या. एक पावसाळा तिथे काढला की ऊन कुठे येतं, ओल कुठे धरते, चहा घेऊन माणसं कुठे बसतात ते कळतं. पडदे मात्र आधीच शिवून ठेवा. हॉलची खिडकी पश्चिमेला असेल तर त्यांच्याविना एप्रिल निघणार नाही.