पिकअपची साइड स्टेप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डबल कॅब पिकअप घेतली आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, तिला गाडीत चढता येत नाही. दाराखाली बसवायची पायरी, म्हणजे साइड स्टेप, गोल नळीची घ्यावी की सपाट फळीची? आणि ती जमिनीपासून किती उंच असावी?

आईसाठी आधी उंची ठरवा, नळी की फळी हे त्यावरून ठरेल. गाडी रिकामी ठेवून सपाट जागी उभी करा, टायरमध्ये हवा नेहमीइतकी असू द्या. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. समजा ६४ सें.मी. भरले. जिन्याची एक पायरी साधारण १५ ते १८ सें.मी. असते, म्हणजे आईला एका पावलात जवळजवळ चार पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्याला ते जमणार नाही, यात नवल नाही.

६४चे सरळ दोन भाग केले तर स्टेप ३२ सें.मी.वर येते. दुखऱ्या गुडघ्यासाठी ती आणखी थोडी खाली, २८ ते ३०वर असलेली बरी. पहिलं पाऊल उचलताना हाताला फारसा आधार नसतो. दुसऱ्या वेळी मूठ धरता येते, सीटवर रेलता येतं, त्यामुळे दुसरा टप्पा थोडा मोठा असला तरी चालतो.

विकत घेण्याआधी दाराशेजारी लाकडाचे पक्के, न डगमगणारे ठोकळे रचून २६, ३० आणि ३४ सें.मी. अशा तीन उंचींवर आईला चढून-उतरून पाहू द्या. कुणीतरी शेजारी उभं राहा. उतरणं मुद्दाम तपासा. चढताना पायरी डोळ्यांना दिसते. उतरताना मात्र पाय तिला न बघता शोधतो, आणि पडायला होतं ते बहुतेक तेव्हाच.

मग रुंदी. दार उघडून उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडा. त्या दोरीच्या बाहेर स्टेपचा सपाट भाग निदान १० ते १२ सें.मी. उरला पाहिजे, म्हणजे चवडा पुरता टेकतो. ७६ मि.मी. व्यासाच्या गोल नळीवर पाय ठेवण्यासाठी दोनच ठिकाणी रबरी पॅड असतात. त्या पॅडबाहेर ओला बूट पडला की घसरलाच. आईसाठी १५ सें.मी.च्या आसपास रुंदीची, खरखरीत पृष्ठभागाची सपाट फळी घ्या. ती पुढच्या दारापासून मागच्या दाराच्या शेवटापर्यंत सलग असू द्या. फळी ३४-३५च्या खाली येत नसेल तर प्रत्येक दाराखाली खाली उतरलेला कोनाडा असलेली स्टेप पाहा. तिची पायरी नळीपेक्षा बरीच खाली असते.

फळी फार बाहेर काढू नका. उंच माणूस थेट जमिनीवर पाय टाकतो तेव्हा पोटरी तिच्या कडेला घासते आणि पँटला रोज चिखल लागतो.

आणि मुठीचा विचार स्टेपइतकाच करा. पुढच्या काचेशेजारच्या खांबाला आणि दोन दारांमधल्या खांबाला आतून मूठ हवी. चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम राहिले पाहिजेत. उघड्या दाराच्या हँडलला धरायची सवय मोडा, कारण दार हलतं. मूठ नसेल तर उत्तम स्टेपही आईच्या फार उपयोगाची नाही.

माझी गाडी शेताच्या कच्च्या वाटेवर रोज जाते. स्टेप लावली तर बांधावर टेकेल का? दगडापासून बचाव करणारी जाड नळी, जिला रॉक स्लायडर म्हणतात, तीच स्टेप म्हणून वापरली तर?

टेकण्याची शक्यता किती वाढते याचा हिशेब घरी मांडता येतो. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ३१० सें.मी. धरा. उंबऱ्याची खालची कड जमिनीपासून ४२ सें.मी.वर असेल तर गाडीची बाजू सुमारे ३० अंशांचा उंचवटा ओलांडू शकते. स्टेपची खालची कड ३२ सें.मी.वर आली की हाच कोन सुमारे २३ अंशांवर येतो. फक्त १० सें.मी.ने ७ अंश गेले. शिवाय स्टेप गाडीच्या मध्यापासून सगळ्यांत दूर असते. एक चाक चाकोरीत उतरून गाडी कलली की त्या बाजूची स्टेप मधल्या भागाच्या आधी जमिनीला लागते.

वाटेवर मोठे बांध किंवा दगड असतील तर खाली लोंबणारी कोनाड्याची स्टेप टाळा. उंबऱ्याला चिकटून जाणारी नळी घ्या. तिच्यावरचा चिखलही खाली गळून पडतो, फळीवर तो साचून वाळतो.

रॉक स्लायडर ही वेगळी वस्तू आहे. ती चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जोडलेली असते आणि गाडी दगडावर टेकली तर गाडीचं वजन पेलण्यासाठी बनवलेली असते. तिची जाड भिंतीची नळी साधारण ३ मि.मी. किंवा त्याहून जाड पत्र्याची असते. साधी साइड स्टेप माणसाचं वजन घेते, गाडीचं नाही. दगडावर टेकली तर ती वाकते आणि वाकताना उंबऱ्याचा पत्राही आत ढकलते, दार नीट बंद होत नाही. उलट स्लायडर उंचावर बसवलेला असतो, म्हणून पायरी म्हणून त्याचा उपयोग कमी. दोन्ही गरजा असतील तर बाहेरच्या नळीवर पाय ठेवायला सपाट पट्टी असलेला स्लायडर पाहा, आणि गुडघ्यांचा प्रश्न नसेल तरच घ्या.

साइड स्टेपखाली जॅक कधीही लावू नका. जॅकची जागा चासीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवली आहे तिथेच असते. स्टेप बसवल्यावर तिथे जॅक शिरतो की नाही हे पंक्चर होण्याआधी बघून ठेवा.

खोक्यावर १८० किलो लिहिलं होतं. माझं वजन ९० किलो. तरी सहा महिन्यांत स्टेप पुढच्या दाराशी खाली झुकली आणि पाय ठेवला की करकर आवाज येतो. नळी कमी जाड होती का?

नळी वाकलेली दिसत नसेल तर दोष तिच्यात नाही. वजन नळीवर पडतं, पण ते पेलतात ब्रॅकेट, म्हणजे स्टेप गाडीला जोडणारे आधार, आणि खरेदी करताना नेमकं ब्रॅकेटकडेच कुणी बघत नाही.

तुमचा पाय ब्रॅकेटच्या जोडापासून २० सें.मी. बाहेर पडतो असं धरा. ब्रॅकेटचे वरचा आणि खालचा असे दोन बोल्ट एकमेकांपासून ५ सें.मी.वर असतील, तर वरच्या बोल्टवर येणारी ओढ ९० गुणिले २० भागिले ५, म्हणजे ३६० किलो. बोल्टमधलं अंतर १० सें.मी. असेल तर तीच ओढ १८०वर येते. स्टेप ३० सें.मी. बाहेर असेल तर दीडपट होते. हे सगळं शांत उभं राहिल्यावरचं. गाडीतून उतरताना पाय आदळतो तेव्हा भार याहून पुष्कळ वाढतो. म्हणून उंच, रुंद पाठीचं ब्रॅकेट आणि आतल्या कोपऱ्यात तिरका आधार जोडलेला असेल तेच घ्या. डबल कॅबला प्रत्येक बाजूला तीन ब्रॅकेट असावेत आणि पुढचं ब्रॅकेट पुढच्या दाराच्या पायाच्या जागेजवळ यावं. दोनच असतील तर टोकं लोंबतात. तुमची पुढच्या दाराशी झुकली, ती बहुधा याच कारणाने.

खोक्यावरचा आकडा एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा मिळून, हेही वाचून घ्या.

करकर कशामुळे होते ते असं शोधा. एकाने स्टेपवर उभं राहून हलकेच वरखाली व्हायचं, दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. जिथे बोटाला हालचाल जाणवेल तिथे बोल्ट सैल आहे किंवा भोक ओव्हल झालं आहे. सैल असेल तर आवळा. भोक ओव्हल झालं असेल तर ब्रॅकेट बदला, मोठं वॉशर घालून काम भागवू नका.

आणखी एक कारण असू शकतं. पिकअपची कॅबिन चासीवर रबराच्या गादीवर बसलेली असते आणि रस्त्यावर दोन्ही वेगवेगळ्या हलतात. काही ब्रॅकेट चासीला आणि काही उंबऱ्याला जोडले असतील तर स्टेप त्या दोघांमध्ये पिळली जाते. आवाज येतो, आणि पुढे जोडाच्या जागी पत्रा फाटतो. सगळे ब्रॅकेट कॅबिनला किंवा सगळे चासीला. मिसळ नको.

घरीच बसवायची आहे. कंपनीने दिलेली भोकं आहेत, पण बोल्ट दोन आटे जाऊन अडतो. ड्रिल मारू का?

ड्रिल ठेवून द्या. उंबऱ्यातल्या नटांमध्ये बहुतेक वेळा गाडीच्या खालच्या बाजूला मारलेलं गंजरोधक कोटिंग किंवा माती भरलेली असते. पाना लावून जबरदस्ती केली की नट पत्र्यावरून सुटून आतल्या आत फिरायला लागतो, आणि मग पत्रा कापल्याशिवाय मार्ग उरत नाही. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी तारेच्या बारीक ब्रशने साफ करा, मग बोल्टच्याच मापाचा टॅप, म्हणजे नटातले आटे साफ करणारं हत्यार, हाताने फिरवा. एम८ला, म्हणजे ८ मि.मी. व्यासाच्या बोल्टला, बहुतेक ठिकाणी १.२५ मि.मी. पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) असते, तरी सोबत आलेल्या बोल्टवर ताडून बघा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, असं करत जा. अडला तर बाहेर काढून पुसा.

बोल्ट हाताने सहज जायला लागले की सगळे ब्रॅकेट सैल लावा. एकही पूर्ण आवळू नका. दुसऱ्या माणसाच्या मदतीने स्टेप वर ठेवून तिचेही बोल्ट सैल बसवा. आता पुढे-मागे आणि आत-बाहेर सरकवून ती उंबऱ्याला समांतर करा, दोन्ही टोकांना टेप लावून अंतर सारखं करा. चारही दारं पूर्ण उघडून कुठे घासत नाहीत ना ते पाहा. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून पुढचं चाक आणि मडफ्लॅप स्टेपला लागत नाहीत ना, तेही. मगच आधी गाडीकडचे आणि नंतर स्टेपकडचे बोल्ट आवळा.

किती आवळायचं याचा आकडा सोबतच्या पत्रकात असतो, तोच पाळा. जाड लोखंडातून आरपार जाणाऱ्या ८.८ वर्गाच्या (हा आकडा बोल्टच्या मजबुतीचा) एम८ बोल्टला सर्वसाधारणपणे २५ न्यूटन-मीटर आणि एम१०ला ४५ ते ५० चालतात. पातळ पत्र्यात बसवलेल्या नटाला इतकं सोसत नाही. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर गनने, म्हणजे यांत्रिक पान्याने, भराभर आवळू नका, आटे एकमेकांत जाम होतात. आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावून हाताने आवळा. ५०० कि.मी. झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नव्या कोटिंगचा थर दबतो, त्यामुळे पहिल्यांदा थोडं सैल होतंच.

उंबऱ्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रं असतात. ब्रॅकेटने ती झाकली तर उंबरा आतून कुजतो, बाहेरून कळतसुद्धा नाही. आणि भोकं मुळात नसतीलच तर गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेला संच शोधा. उंबऱ्याच्या आतून वायरी जातात, चासीच्या बाजूने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपच्या तळाला अंदाजाने ड्रिल मारणं तर धोक्याचंच.

स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम की पावडर कोटिंग केलेलं लोखंड?

खडीच्या रस्त्यावर पुढच्या चाकाने उडवलेले दगड स्टेपच्या पुढच्या टोकावर सतत आपटतात. तिथे पावडर कोटिंगचा टवका उडतो, आणि पाणी त्या कोटिंगखाली शिरून गंज पसरतो. टवका दिसला की लगेच घासून प्रायमर आणि रंग लावायची तयारी असेल तर लोखंड चांगलं, मजबूत आणि कुणालाही दुरुस्त करता येण्यासारखं. तेवढं लक्ष देता येणार नसेल, किंवा समुद्राजवळ गाडी चालत असेल, तर ३०४ दर्जाचं स्टेनलेस. फक्त चुंबक घेऊन ब्रॅकेट तपासा, घट्ट चिकटला तर ते ३०४ नाही. नळी स्टेनलेसची आणि ब्रॅकेट साध्या लोखंडाचं असं पुष्कळदा असतं, आणि गंज ब्रॅकेटलाच लागतो. अ‍ॅल्युमिनियमची फळी हलकी आणि न गंजणारी, पण लोखंडी बोल्टशी थेट भिडली की ओलाव्यात जोडाजवळ पांढरी भुकटी पडून धातू खाल्ला जातो. मधे नायलॉनचं वॉशर हवंच.

दार उघडलं की आपोआप खाली येणारी मोटरची स्टेप कशी?

उंचीचा आणि जमिनीला टेकण्याचा, दोन्ही प्रश्न ती सोडवते. पण चिखल तिच्या सांध्यांत बसतो. दर धुण्याच्या वेळी सांध्यांवर पाण्याचा फवारा मारा, वाळल्यावर कोरडं सिलिकॉन स्प्रे लावा. ग्रीस नको, त्याला माती चिकटते. अडथळा आला तर स्टेप थांबते का हे लाकडाचा तुकडा धरून तपासा, हात धरून नव्हे. कच्च्या वाटेसाठी ती बंद ठेवणारं बटण असलेलाच संच घ्या.

वेग वाढला की स्टेपमधून शिटीसारखा आवाज येतो.

नळीच्या टोकाचं झाकण पडलं आहे का बघा. उघड्या तोंडावरून वारा गेला की नळी बासरीसारखी वाजते. नवं झाकण बसवताना नळीच्या तळाचं पाणी निघायचं छिद्र मात्र बुजवू नका.