पुस्तक संपल्यावर 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' याच्या पलीकडे काही सुचत नाही. नीट मत मांडायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की रहस्यकथा, चरित्र, विज्ञानकथा, कविता, हाताला लागेल ते वाचता, पण पुस्तक मिटल्यावर 'मजा आली', 'कंटाळा आला' एवढंच सुचतं. त्या 'एवढंच'पाशी मी अडले. याच शब्दावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं एकदा वाजलं होतं आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

दादा साहित्य शिकवतो. मी हिशेब तपासते. दिवसभर आकडे आणि पावत्या, वाचन रात्री, झोप येईपर्यंत. पण वाचते भरपूर, आणि पुस्तक संपलं की त्याच रात्री वहीत एक-दोन ओळी लिहून ठेवते. बरीच वर्षं लिहिते आहे. एका भयकथेपुढे लिहिलंय, 'दार उघडेपर्यंत घाबरले, उघडल्यावर नाही.' एका चरित्रापुढे, 'मोठा माणूस, पण याचा एकही मित्र शेवटपर्यंत टिकला नाही आणि लेखक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.' यशस्वी कसं व्हावं छापाच्या एका पुस्तकापुढे, 'चाळीस पानांत सांगून झालं, उरलेली दोनशे पानं तेच.'

एकदा घरी पाहुणे असताना ती वही दादाच्या हाती लागली. त्याने उभं राहून त्यातल्या ओळी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सगळे हसत होते. मग एका गाजलेल्या कादंबरीचं पान आलं. तिचं नाव सांगत नाही, तुम्ही वाचली नसेल तर शेवट आत्ताच कळेल. मी लिहिलं होतं, 'या घरात सगळे बोलतात. बायको एकदा तरी बोलेल का? चीड आली.' दादा म्हणाला, "ही प्रतिक्रिया झाली. याला मत म्हणत नाहीत. तू पुस्तकं वाचतेस, पण तुला वाचता येत नाही."

मी वही त्याच्या हातातून घेतली आणि कपाटात खाली टाकली. पुढची सहा वर्षं वाचत राहिले, लिहिलं मात्र एक अक्षर नाही. कोणी विचारलं, "कसं आहे पुस्तक?" तर "बरं आहे" म्हणायचे. त्या सहा वर्षांत वाचलेल्यांपैकी कितीतरी पुस्तकांची आज फक्त नावं आठवतात. याचा मला अजून राग येतो.

मग एका अंकात दादाचा लेख आला, त्याच कादंबरीवर. दहा-बारा पानांचा. विषय काय, तर त्या बायकोचं मौन. बाकी सगळी पात्रं अखंड बोलतात, ती शेवटच्या प्रकरणात एकच वाक्य बोलते आणि कादंबरीचा सगळा भार त्या एका वाक्यावर आहे, असं त्याचं म्हणणं. लेख चांगलाच होता. मी रात्री कपाटातून वही काढली, ते पान उघडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर ठेवलं. त्याने माझी ओळ चोरली असं मला मुळीच म्हणायचं नाही, तो ती केव्हाच विसरला होता. माझं म्हणणं एवढंच होतं, की जिथे मला चीड आली, नेमकं तिथेच तुला बारा पानं लिहावीशी वाटली. मग माझी चीड अडाणी कशी?

तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुला दिसलं होतं. पण का दिसलं ते तू लिहिलं नाहीस."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर खर्च मांडला होता, पावती जोडली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीपुढे पान नंबर लिहिते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असेल तर ते हेच. कंटाळा आला? कुठल्या पानावर? रडू आलं? कुठल्या वाक्याला? ते पान पुन्हा उघडा आणि लेखकाने तिथे काय केलंय ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं: अचानक नवीन माणूस आणला, दोन प्रसंगांतली वर्षं गाळली, किंवा जे आपण समजून घेतलं असतं ते समजावून सांगितलं. मत म्हणजे वेगळं काही नसतं, हीच प्रतिक्रिया पान नंबरासकट.

रहस्यकथांनी मला हे सगळ्यात आधी शिकवलं. एका कथेत शेवटी कळलं की खुनी हा जुळा भाऊ, आणि या भावाचं तोवर नावही नव्हतं. मी वहीत 'फसवणूक' लिहून मोकळी झाले. नंतर समजलं की रोनाल्ड नॉक्स नावाच्या रहस्यकथाकाराने 1929 सालीच या प्रकारासाठी दहा नियम मांडले होते. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको, वाचकाला आधी तयार केल्याशिवाय जुळे आणायचे नाहीत. म्हणजे नियम माहीत नसतानाही माझा राग बरोबर जागी होता. तुमचाही असेल. पुस्तकाशी झालेला करार कुठे मोडला हे वाचणाऱ्याला कळतं, त्यासाठी पदवी लागत नाही.

लेखकाच्या नावाला तर अजिबात दबू नका. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस कथेला मिळालं, नावाला नव्हे. एवढ्या मोठ्या माणसाला आपली कथा नावाशिवाय वाचली जावी असं वाटलं, मग आपण नाव बघून 'मलाच कळलं नसेल' म्हणून गप्प का बसायचं? दादा अजूनही आधी मुखपृष्ठावरचं नाव बघतो आणि मग ठरवतो की कंटाळ्याला 'संथ लय' म्हणायचं की 'रटाळ'. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

तारे देणं सोडा. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय हे महिन्याने तुम्हालाही सांगता येणार नाही. कथानकही सांगत बसू नका, ते पुस्तकात आहेच. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद ठेवा. एस. आर. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत (1931) चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो ग्रंथालयांसाठी आहे, पण मी स्वतःला लावून घेतला आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. चाळीस पानं वाचून पुस्तक वाईट म्हणायचं नाही. 'चाळिसाव्या पानावर सोडलं' म्हणायचं, त्यात अन्याय होत नाही. अनुवाद असेल तर अडखळायला झालं ते मूळ लेखकामुळे की अनुवादामुळे, हे दुसरा अनुवाद किंवा मूळ पुस्तक बघितल्याशिवाय ठरवू नका. मी एका चांगल्या कादंबरीवर असा अन्याय केला आहे. आणि रंगनाथनांचाच तिसरा नियम, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तो वाचक तुम्ही नसालही.

कवितेचं तुम्ही वेगळं विचारलंय, की तिथे तर 'आवडली'सुद्धा सुचत नाही. कवितासंग्रह मी एका बैठकीत वाचत नाही. रात्री एकच कविता, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. जिथे जीभ अडखळते किंवा आवाज आपोआप खाली येतो, त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. वहीत फक्त ती ओळ उतरवते, पुढे काही लिहीत नाही. दादाला वाचून दाखवल्या तर तोही नेमका त्याच ओळींपाशी थांबवतो.