हॉंकी-टॉंक : पियानो नव्हे, हंस

प्रश्न असा आहे : ‘हॉंकी-टॉंक म्हणजे नेमकं काय? एका मालिकेच्या मराठी सबटायटलमध्ये “ग्रामीण संगीताची मैफल” असं वाचलं. हॉर्नच्या “हॉंक”शी याचा संबंध आहे का? आणि हॉंकी-टॉंक संगीत ते कोणतं?’

मैफल म्हणे! तक्के-लोड, पानाचं तबक, अत्तरदाणी, सगळं डोळ्यांपुढं आलं. अहो, हॉंकी-टॉंक म्हणजे अमेरिकेत टेक्सस-ओक्लाहोमाकडचा गाण्याबजावण्याचा, नाचाचा स्वस्त गुत्ता. मारामारी वरकड. मोटारीच्या हॉर्नचा तर प्रश्नच येत नाही. 1889च्या जानेवारीत टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या वर्तमानपत्रात बातमी आहे की ‘हॉंकी-टॉंक’ थिएटर पुन्हा उघडावं म्हणून नगर परिषदेला देण्याच्या अर्जावर सह्या गोळा होताहेत. तेव्हा तिथं मोटार कुठली? 1894च्या फेब्रुवारीत आजच्या ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावचं वर्तमानपत्र सांगतं की कालच्या हॉंक-अ-टॉंकला टकले, ब्रह्मचारी आणि प्रतिष्ठित नागरिक यांची चांगली हजेरी होती. बायकांचा उल्लेख नाही, त्या बहुधा रंगमंचावर असाव्यात.

आता व्युत्पत्ती. संगीतावर लिहिणारे पुष्कळ जण टॉंक बंधूंच्या पियानोकडं बोट दाखवतात. त्या नावाचे पियानो बनू लागले 1889मध्ये, आणि इकडं त्याच जानेवारीत थिएटर बंद पडून पुन्हा उघडायच्या गोष्टी चालल्या आहेत! ‘टंगळमंगळ’ची व्युत्पत्ती मंगळ ग्रहावरून लावण्यातलाच हा प्रकार. जोडशब्दातल्या दुसऱ्या तुकड्याला बाप असावाच लागतो असं नाही. इंग्रजीतला ‘हॉइटी-टॉइटी’ (म्हणजे तोरा मिरवणारा) घ्या, तिथंही ‘ह’ला ‘ट’च जोडलाय. तो कोणत्या कारखानदाराचा? ऑक्सफर्ड शब्दकोशवाले ‘मूळ अज्ञात’ लिहून हात झटकतात, हेही मला पटत नाही.

माझा जीव जडलाय तो 1900 साली छापलेल्या एका गोष्टीवर. दिवसभर राबलेले काउबॉय संध्याकाळी करमणुकीला निघाले आणि वाट चुकले. लांबून ‘हॉंक-अ-टॉंक-अ-टॉंक’ असा आवाज आला. बास, म्हणजे खर्जातलं ते मोठं तंतुवाद्य, वाजतोय असं समजून घोडे तिकडं वळवले, तर समोर रानहंसांचा थवा! दंतकथाच आहे, मान्य. पण हंसाच्या ओरडण्याला इंग्रजीत ‘हॉंक’च म्हणतात, हॉर्नला तो शब्द मागाहून चिकटला. भिगवणला थंडीत पहाटे पट्टकादंब, म्हणजे एक जातीचे रानहंसच, उतरतात, तेव्हा काठावर डोळे मिटून ऐका. आधी घशातला जाड ‘आँक’, लगेच दुसऱ्याचा त्याहून वरचा. अनुकरणवाचक शब्द असाच जन्मतो. शिवाय इंग्रजी ‘गूज’, जर्मन ‘गान्स’ आणि आपला संस्कृत ‘हंस’ ही सख्खी भावंडं. म्हणजे ज्या पक्ष्यानं सरस्वतीला पाठीवर घेतलं, त्याच्याच भाऊबंदांनी काउबॉयना गुत्त्याच्या आशेनं रानात फिरवलं!

हां, संगीत राहिलंच. आधी बेसूर पियानोवरचं, सुरापेक्षा ठेक्यावर चालणारं वादन. 1933मध्ये दारूबंदी उठली, पूर्व टेक्सासच्या तेलविहिरींभोवती गुत्ते वाढले, आणि त्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून गिटारला वीज जोडावी लागली. अल डेक्स्टर या गायकाचं 1936चं ‘हॉंकी-टॉंक ब्लूज’ हे गाणं, मग अर्नेस्ट टब, हँक विल्यम्स हे गायक. विषय बेवफाई, घटस्फोट आणि बाटली. याला ‘ग्रामीण संगीत’ म्हणणाऱ्यानं ओवी तरी कधी ऐकली असेल का, कोण जाणे.