गॅरेजमध्ये जुनी मॅककलक चेनसॉ सापडली आहे. ती सुरू करून बघू का? आणि अशा चेनसॉ जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ऑरेगनमध्ये घर घेतलं, गॅरेजमध्ये आधीच्या मालकाची पिवळी मॅककलक १०-१० मिळाली, दोरी ओढली की इंजिन मोकळं फिरतंय, टाकीत थोडं जुनं पेट्रोलही आहे. मी शेजारच्याच वॉशिंग्टन राज्यात राहतो आणि बरीच वर्षं जुन्या चेनसॉ जमवतो, दुरुस्त करतो. माझं उत्तर: एवढ्यात सुरू करू नका. ती सुरू होणार नाही याची मला काळजी नाही, होईल याचीच आहे.

चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेल्या चेनसॉचं धातूकाम बहुतेक वेळा शाबूत असतं. म्हातारं होतं ते रबर. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरमधला डायफ्राम (पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांची ऑइल सील (हवा अडवणारी रबरी कडी). टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे त्या दांड्याभोवतीच्या बंद कप्प्यातूनच, सिलिंडरमध्ये जातं आणि वंगणाचं तेलही त्यातूनच येतं. सील कडक होऊन फट पडली की तिथून जास्तीची हवा ओढली जाते. मग तेवढ्या हवेला पेट्रोल पुरत नाही, तेल तर त्याहून नाही, इंजिन तापतं आणि पूर्ण थ्रॉटलवर थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला घासतो. इतकी वर्षं टिकलेला पिस्टन असा एका दुपारी जातो, आणि मग पिस्टन शोधत फिरावं लागतं.

म्हणून आधी सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. गुळगुळीत, तपकिरी डाग असलेला दिसला तर उत्तम. उभे ओरखडे दिसले तर मशीन उघडायलाच हवं. पिस्टन चांगला असेल तर प्लगच्या जागी गेज लावून कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. १०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली आलं तर पिस्टनच्या रिंगा संशयित. पुढची चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी पट्टीने बंद करून क्रँककेसमध्ये हातपंपाने सहा-सात पीएसआय हवा भरायची आणि सीलवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे आले की सील बदलायची. तेवढ्याच व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा बाहेर ओढूनही, तपासा, कारण काही सील दाबाला धरतात आणि ओढीला सोडतात.

स्पार्क नसेल तर घाबरू नका. १०-१० सारख्या मशीनचे पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारे धातूचे संपर्क) फ्लायव्हीलच्या, म्हणजे पंख्याची पाती असलेल्या जड चाकाच्या, खाली असतात. ज्यांनी जुन्या लुनाचे किंवा चेतकचे पॉइंट घासलेत त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. फ्लायव्हीलचं नट सोडवताना इंजिन अडवायला पंख्याच्या पात्यात स्क्रूड्रायव्हर घालू नका, पाती मोडतात. पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं भोक बंद झालं की प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सोडा. पिस्टन दोरीवर टेकून थांबतो आणि कशालाही इजा होत नाही. फ्लायव्हील पुलरने काढा, शाफ्टवर हातोडी नको. (दुसऱ्या बाजूचा क्लच उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. हे माहीत नसल्यामुळे किती क्लच फुटले असतील!) आत पॉइंटवर राखाडी थर दिसेल. बारीक पॉलिश पेपर एकदोनदा फिरवा आणि नंतर कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी मध्ये धरून ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटणं थांबेपर्यंत ओढत राहा, कारण तेलाचा पुसट थरही स्पार्क अडवतो. मग फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटमधली गॅप लावा. पुस्तिकेत आकडा मिळतो, बहुतेक जुन्या मशीनना तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो.

कार्ब्युरेटरचं किट, नळी आणि फिल्टर न बघताच बदला. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं घ्या. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे तिथे जुनी टू-स्ट्रोक वाहनं सांभाळणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं, ते जुन्या पुस्तिकांत १६:१ किंवा २०:१ लिहिलेलं असतं, पण ते त्या काळच्या साध्या इंजिन ऑइलचं प्रमाण. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचं मी ३२:१ ठेवतो, म्हणजे १ लिटर पेट्रोलला साधारण ३१ मिली तेल.

सुरू झाल्यावर कान द्या. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटलवर आवाज थोडा फाटका, भरभरल्यासारखा यायला हवा आणि लाकडात शिरताच तो साफ व्हायला हवा. बाहेरच तो स्वच्छ, कर्कश येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरवरचा ‘एच’चा स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगाचं पेट्रोल ठरवणारा, थोडा उघडा. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ लावत असेल तर लगेच बंद करून पुन्हा सीलकडे वळा.

आता जमवण्याबद्दल. तुम्ही योग्य जागी आहात. आजची चेन ऑरेगनमधूनच आली: जो कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका भुंग्याची अळी लाकूड डावीकडे-उजवीकडे कुरतडत जाताना पाहिली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये त्या धर्तीवर दात असलेली चेन बनवायला सुरुवात केली. मॅककलकने १९४९ मध्ये ३-२५ हे सुमारे ११ किलोचं मॉडेल आणलं आणि एकट्या माणसाने चालवायची चेनसॉ परवडू लागली. याच कंपनीच्या संस्थापकाने, रॉबर्ट मॅककलकने, १९६८ मध्ये लंडन ब्रिज २४ लाख ६० हजार डॉलरला विकत घेऊन ॲरिझोनात नेऊन उभा केला. जर्मनीत स्टिलने १९५९ मध्ये गिअरविना थेट चालणारी कॉन्ट्रा आणली, आणि स्वीडनच्या हस्कवर्नाची पहिली चेनसॉ त्याच वर्षीची. ही मशीनं शेजारी शेजारी ठेवली की दहा वर्षांत वजन कसं उतरत गेलं ते हाताला कळतं. मला या छंदाचा खरा आनंद तिथे मिळतो.

सुरुवातीला भाग मिळतील अशीच मॉडेलं घ्या: मॅककलकची १० मालिका, होमलाइट एक्सएल-१२. एकाच मॉडेलची दोन मोडकी मशीनं एका चकचकीत मशीनपेक्षा जास्त उपयोगाची. मॅककलकच्या मोठ्या १२३ सीसी मशीनच्या मागे अजून लागू नका, त्यांच्या इंजिनांवर गो-कार्ट (छोट्या शर्यतीच्या गाड्या) वालेही टपलेले असतात आणि किमती चढ्या. फार जुन्या मशीनची ७/१६ इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराची) चेन मिळवणंही त्रासाचं आहे. रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: मूळ रंग आणि स्टिकर राहू द्या. बॉडी मॅग्नेशियमची असते, तिच्यावर पांढरी पूड धरली असेल तर ब्रशने काढा. व्हिनेगर किंवा ॲसिड लावू नका, ते मॅग्नेशियम खातं. ग्राइंडरही नको, त्याची बारीक भुकटी पेट घेते.

१०-१० ने लाकूड कापायचं असेल तर एवढं लक्षात घ्या: चेन ब्रेक, म्हणजे मशीन उसळताच चेन थांबवणारे ब्रेक, १९७० च्या दशकात रुळले, तुमच्या मशीनला बहुधा नसेल. बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या) टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून तोंडाकडे येतं आणि चेन थांबवणारं काहीच नसतं. हँडलही थेट इंजिनाला जोडलेलं, त्यामुळे कंप सरळ बोटांत येतो. संरक्षक पँट, हेल्मेट, कानपट्टी घालून जमिनीवर पडलेले ओंडके कापा, तेही थोडा थोडा वेळ. उभं झाड पाडायला आजचं ब्रेकवालं मशीन घ्या. आणि बारच्या तेलाचं अंगठ्याने दाबायचं बटण असेल तर कापताना दर काही सेकंदांनी दाबत राहा, नाहीतर बार निळा पडतो.

किट मागवण्याआधी कार्ब्युरेटरवर कोरलेली अक्षरं नीट वाचून घ्या. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्ब्युरेटर बसवलेले असतात.