पीएसआय होणाऱ्या पोरीला, जेलच्या धाकाबद्दल

पोरी,

तुझं नाव लिस्टमधे आलं, पेढे पोचले, मन भरून आलं. आणि दुसऱ्याच दिवशी तू स्टेटसला टाकलंस की शिक्षा डबल करा, जेल कडक करा, मग बघा क्राइम कसा शून्यावर येतोय, आणि वर मला विचारतेस, काका बरोबर हाय ना. अर्धं बरोबर हाय. जेलचा धाक असतो, नाही असं नाही, पण तो कुणाला असतो आणि कशामुळं असतो हे तू अंगावर वर्दी चढायच्या आत समजून घे, नंतर कामाच्या रगाड्यात कोण सांगणार तुला.

माझी सगळी वकिली इथंच सोलापूर कोर्टात क्रिमिनल साईडला गेली. मोबाईलचोर, मोटारसायकलचोर, पेठेतले मारामारीवाले, सावकारीवाले, खुनाचे पण. यातल्या एकानंही आधी कलम उघडून बघितलं आणि मग हात उचलला असं मला आठवत नाही. तीन वर्षाची शिक्षा का सात वर्षाची हे त्यांना मीच सांगतो, तेही वकीलपत्रावर सही झाल्यावर. त्याच्या डोक्यात तेव्हा एकच हिशोब असतो, आपण सापडतोय का नाही, आणि लै वेळा तर तोही नसतो, पोटात दारू असते नाहीतर डोक्यात राग असतो. मग सांग, तीनाचे सहा वर्षं केले तर फरक कुणाला पडणार?

इटलीत बेक्कारिया म्हणून एक माणूस होऊन गेला, त्यानं १७६४ मधे हेच लिहून ठेवलंय की शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री माणसाला जास्त अडवते, आणि ती लवकर झाली पाहिजे. एवढ्या लांब जायला नको म्हण. सात रस्त्याला उभी राहून बघ. दंड वाढला म्हणून ट्रिपल सीट बंद झाली काय? पोलीस दिसला की मागचा उतरून साधूसारखा चालायला लागतो, चौक ओलांडला की परत गाडीवर. दंडाचा आकडा त्याला माहीतच नाही, पांढरा शर्ट तेवढा माहितीय.

आता धाक कुणाला असतो ते सांगतो. सरकारी नोकर लाच घेताना ट्रॅपमधे सापडला ना, तो मला शिक्षेचं विचारतच नाही. तो विचारतो, वकीलसाहेब, अठ्ठेचाळीस तासाच्या आत जामीन होईल का? कारण ४८ तासापेक्षा जास्त कोठडीत राहिला की सेवानियमाप्रमाणं तो निलंबित धरला जातो. नोकरी, पोरीचं लग्न ठरलेलं, सोसायटीतलं नाव, सगळं त्या दोन दिवसात अडकलेलं असतं. ज्याच्याकडं घालवायला काहीतरी आहे त्याला जेलचं नुसतं नाव पुरतं, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याला आपण पाच वर्षं दाखवतो आणि म्हणतो हा घाबरत कसा नाही.

माझ्याकडं एक पोरगा आला होता, विडी घरकुलकडचा, आई विड्या वळणारी, हा पॉवरलूमवर. मोबाईल चोरीची केस, पहिलीच. जामीन लगेच मंजूर झाला. पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला असलेला माणूस ह्यांच्या ओळखीत असता तर पोरगं मोबाईलला हात तरी कशाला घालतं. त्यामुळं जामीन कागदावर आणि पोरगा बराकीत. आत त्याला कोण भेटलं असेल ते तूच समजून घे. बाहेर आला तेव्हा लूमवर त्याच्या जागी दुसरा माणूस होता, मालक परत घेईना, पण आतल्या ओळखी मात्र रोज फोन करायच्या. पुढं त्याची केस घरफोडीची आली. आधी त्याला आईची तरी लाज वाटायची, आत राहून आल्यावर तीही गेली. असा धाक काय कामाचा?

आणि हा एकटाच असता तर बोललो नसतो. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, २०२२ चा जेलचा रिपोर्ट बघ, देशातल्या जेलमधे ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन अजून गुन्हेगार ठरलेलेच नाहीत. जागा शंभरची आणि माणसं १३१. निकाल लागायच्या आधीच शिक्षा होऊन जाते आपल्याकडं, आणि ज्याच्यावर खरंच दोष सिद्ध व्हायला पाहिजे तो चांगला वकील लावून बाहेर फिरतो (हो, माझ्यासारखाच, हस तू). गल्लीतली पोरं हे बघतात, आणि त्यातनं काय शिकायचं ते बरोबर शिकतात.

तू सोलापूरची आहेस म्हणून अजून एक. सेटलमेंट हा एरिया तुला रिक्षाच्या पाटीवरनं माहीत असेल. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या आणि आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावायची, बाहेर जायचं तर पास. गुन्हा न करता माणूस आत, पोरं पण आत. यापेक्षा कडक जेल कुठली असणार? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. काय साधलं त्यानं? शिक्का तेवढा राहिला, आजही कुठं चोरी झाली की पहिल्यांदा त्याच वस्त्यांकडं गाडी वळवायचा मोह होतो, तुलाही होईल, तेव्हा हे आठव.

सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्याचं तर तू लहानपणापासनं ऐकलंयस. हातभट्टीवर धाड, रसायन नष्ट, केस, कोर्टात तारीख, आणि परत भट्टी पेटलेली. पेपरमधली बातमी तारीख बदलून परत छापली तरी चालली असती. मग २०२१ ला तेव्हाच्या ग्रामीणच्या एसपी तेजस्वी सातपुते मॅडमनी ऑपरेशन परिवर्तन काढलं. धाडी बंद नाही केल्या त्यांनी, हे नीट लक्षात घे, धाडी चालूच, पण सोबत एकेका अधिकाऱ्याकडं एकेक गाव दिलं, त्या घरांशी बोलायचं, बायकांना शिवणकाम, पुरुषांना दुसरा काहीतरी धंदा. म्हणजे घालवायला काहीतरी हातात दिलं आधी. आपल्या शेजारी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं १९३९ ला खुनाच्या कैद्यांना भिंत नसलेल्या वसाहतीत शेती करायला ठेवलं होतं, बायकापोरांसकट. एकदा बघून ये, सांगोल्यावरनं लांब नाही.

जेल नकोच असं मी म्हणतोय असं समजू नको. काही माणसं आतच पाहिजेत, तेवढा काळ तरी बाहेरच्यांना सुख. पोरीबाळींना त्रास देणारा, गुंड पोसून व्याज वसूल करणारा, ह्यांच्यासाठी मी स्वतः सरकारी वकिलाला मनातनं शुभेच्छा दिल्यात. पण तो आत राहिला म्हणून बाकीचे भ्याले असं समजू नको, दोन्ही गोष्टी वेगळ्या. तडीपारीचं पण तेच, इथनं हाकलला की कर्नाटकात इंडीला नाहीतर विजापूरला जाऊन बसतो आणि फोनवरनं धंदा चालवतो.

मग तुझ्या हातात काय? शिक्षा वाढवणं तर नाहीच, ते दिल्लीचं काम. तुझ्या हातात खात्री आहे. चार्जशीट साठ दिवसात, मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसात गेली नाही की आरोपी हक्कानं जामिनावर बाहेर, मग तू कितीही कडक बोल. पंच नेहमीचेच घेऊ नको, तीच दोन नावं प्रत्येक पंचनाम्यात दिसली की मी उलटतपासणीत खूश होतो. आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग कायद्यानंच करायचंय, सात वर्षं किंवा वरच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांना बोलवायचंय, ते कंटाळा न करता कर. सात वर्षापर्यंतच्या गुन्ह्यात अटकेची घाई करू नको, नोटीस देऊन भागतंय का बघ, सुप्रीम कोर्टानं २०१४ लाच सांगितलंय. पाच हजाराच्या आतली पहिलीच चोरी असेल, आणि माल परत दिला असेल, तर नवीन कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, समाजसेवेची शिक्षा आहे. आणि पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायची तरतूद आहे, जन्मठेप-फाशीची कलमं आणि एकापेक्षा जास्त केस असलेले सोडून, ते पाठ कर.

नाशिकला ट्रेनिंगला जायच्या आधी एक दिवस माझ्याबरोबर कोर्टात बस. साडेदहाला ये, डबा घेऊन ये, रिमांडची कामं जेवणानंतर सुरू होतात आणि कँटीनमधे तेव्हा चहाशिवाय काही मिळत नाही.

तुझा
वकीलकाका